दोन बोटं माया

आमच्या फ्रीजच्या दारावर मी दरवर्षी कॅलेंडर लावते. त्यात १ नोव्हेंबरला एक हिरवी खूण असायची आणि ३० एप्रिलला दुसरी. या दोन खुणांमधले १८१ दिवस सासूबाई आमच्याकडे, नाशिकला. उरलेले १८४ दिवस धाकट्या दिरांकडे, पुण्याला. सासरे गेले, निफाड तालुक्यातली द्राक्षबाग वाट्यानं दिली, गावच्या घराला कुलूप लागलं आणि आम्ही दोघी जावांनी एका संध्याकाळी फोनवर बसून वर्ष कापलं. तीन दिवसांचा फरक राहतो हे धाकट्या जाऊबाईंच्या लक्षात आलं, तेव्हा ते तीन दिवस वर्षाआड आमच्याकडे घ्यायचे असं ठरलं. कुणी आवाज चढवला नाही. आईंची औषधं, चष्मा, दातांचं काम, सगळं दोन्ही घरी वेळेवर होई. मला त्या व्यवस्थेचा अभिमान होता, हे आधीच सांगते.

माझं कामच मोजण्याचं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायचा. मर्यादेत बसला तर भाग पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. वीस वर्षं हेच केलं की ते हाडांत उतरतं. भिंतीवरची तसबीर जराशी कलली तरी माझं जेवणात लक्ष लागत नाही.

आई दरवेळी दोनच वस्तू घेऊन येत. एक कापडी पिशवी, आणि सासऱ्यांच्या जुन्या धोतरात बांधलेलं रजईचं गाठोडं. ही रजई त्यांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी भरलेली. गावात पिंजारी येई, ओसरीवर बसून कमानीच्या तातीनं कापूस पिंजे आणि नजरेनं अंदाज घेऊन रजई भरून देई. मध्ये दोनदा कापूस पुन्हा पिंजून घेतला होता, पण रजई तीच. वर लाल खारव्याची खोळ, धुऊन धुऊन विटकरी झालेली, जागोजाग विरलेली. त्या वर्षी ती कोपऱ्यात इतकी फाटली की आतला कापूस दिसू लागला.

खोळ फाटून चालत नाही. गोधडीचं तसं नसतं. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर, धावदोऱ्यानं एकमेकांत गुंतवलेले. मळली की नदीवर नेऊन आपटून धुता येते. रजईतला कापूस भिजला की त्याचे गोळे होतात, मग ऊब जाते. म्हणून रजईला उन्हात टाकायचं आणि धुवायची ती खोळ.

मी आधी तयार खोळी पाहिल्या. सिंगलच्या लहान पडत, डबलच्या मोठ्या. पिंजाऱ्यानं नजरेनं भरलेली रजई दुकानाच्या कुठल्याच मापात बसेना. मग ठरवलं, घरीच शिवायची. माझ्या माहेरची पायमशीन घरात होतीच, तिच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. कुंड्या उतरवल्या, तेल घातलं, चामडी पट्टा नवा बसवला. रजई पलंगावर पसरून टेप लावला. एका कडेला लांबी २१४ सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला २११. रुंदी १७८. मी मोठा आकडा धरला आणि कागदावर आकृती काढली.

रविवारी आईंना घेऊन मेनरोडवर गेले. दुकानदारानं बरेच तागे उलगडले. मला आवडलं ते कोरं सुती कापड, मालेगावच्या मागावरचं, हाताला जरा खरखरीत, खळ असलेलं. पन्ना ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर. मी मनात हिशेब केला. दोन पन्ने जोडले की १८२. मधल्या शिवणीत दोन जातील, दोन्ही कडांना एकेक जाईल, राहिले १७८. जणू त्या रजईसाठीच विणलं होतं! लांबीला २१४, डोक्याकडच्या शिवणीला १, पायथ्याच्या दुमडीला ५. असे २२० चे चार पट्टे. आठ मीटर ऐंशी.

“दहा घ्या ताई,” दुकानदार म्हणाला. “कोरं आहे, आटेल.”

“घे गं दहा,” आईही म्हणाल्या. “भिजवून मग कापू.”

मी आठ मीटर ऐंशीच घेतलं. एवढा सुरेख हिशेब जमला असताना सव्वा मीटर कापड जास्तीचं कशाला, हे मला खरंच कळत नव्हतं.

तिथून आम्ही चालत गोदाकाठी उतरलो. आईंना रामकुंडावर पाय धुवायचे होते. गाडगे महाराज पुलाजवळ त्या थांबल्या आणि धर्मशाळेकडे पाहत राहिल्या. गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी अंगावर घेत म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. स्वतःसाठी कुठे छप्पर बांधलं नाही, पण परगावच्या गोरगरिबांना तीर्थाच्या ठिकाणी टेकायला जागा हवी म्हणून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ साली ते गेले. खराटा आणि गोधडी हीच त्यांची ओळख राहिली. मी आईंना हे सांगत होते, पण त्यांना ते माझ्याहून जास्त माहीत असावं. त्यांनी एकच विचारलं.

“इथं किती दिवस राहू देतात गं?”

“असतील तीन-चार दिवस. नेमकं माहीत नाही.”

“हं,” म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या.

त्या रात्रीच मी कापड कापलं. भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची म्हणजे दोन दिवस गेले असते, आणि सोमवारपासून मला कामावर महिनाअखेरची घाई. जेवणाचं टेबल रिकामं करून, पट्टी लावून, खडूनं रेघा मारल्या. आई बाजूला खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. एकदा म्हणाल्या, “शिवणीला एवढीशीच सोडलीस? दोन बोटं माया ठेवावी.” मी म्हटलं, “आई, मोजलंय मी.” त्यांनी मान हलवली आणि मेथीकडे वळल्या.

शिवण सुंदर आली, हे मान्य करायला हवं. सुलट बाजू आत ठेवून टीप मारली, उलटवली, कोपरे काढले. आतून चारही कोपऱ्यांना नाड्या लावल्या, रजईच्या कोपऱ्यांना बांधायला. नाहीतर रजई खोळीत घसरून पायाशी गोळा होते. पायथ्याला सात काजं आणि सात बटणं. आईंनी रजई घालायची रीत दाखवली. खोळ उलटी करायची, दोन्ही हात आत कोपऱ्यापर्यंत घालायचे, आतूनच रजईचे कोपरे धरायचे आणि खोळ अंगावरून सदरा काढावा तशी रजईवर उलटवत न्यायची. रजई आत बसली ती अशी की कुठे सुरकुती नाही. मी फोटो काढून जाऊबाईंना पाठवला.

तीन आठवड्यांनी पहिल्यांदा धुतली. वाळल्यावर रजई घालायला घेतली तर शेवटची वीतभर आत जाईना. ओढली. आणखी ओढली. डोक्याकडच्या कोपऱ्यात चर्र आवाज झाला आणि शिवण गेली.

टेप लावला. लांबीत आठ सेंटिमीटर गेले होते, रुंदीत साडेतीन. याचं कारण मला शिकवण्याची गरज नव्हती. मागावर उभा धागा ताणून बसवलेला असतो. तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. कापड विणून तयार होतं ते त्या ताणातच. पाण्यात पडलं की खळ सुटते, ताण सुटतो आणि धागा आपल्या लांबीकडे परत जातो. आडवा धागा तितका ताणलेला नसतो, म्हणून तो कमी आटतो. कापड खराब नव्हतं, शिवणही खराब नव्हती. मी ताणलेल्या कापडाचं माप खरं धरलं होतं.

आणि हे मी धरावं? धातूच्या मापाला २० अंश तापमान हा जगभरचा नियम आहे, कारण ऊन वाढलं की माप बदलतं. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसवत नाहीत. मध्ये फट ठेवतात, मोजून ठेवतात. अॅल्युमिनियम बिडापेक्षा दुपटीनं फुगतं, फट नसली तर इंजिन तापल्यावर जागीच धरतं. लोखंडालासुद्धा जागा सोडणारी बाई मी. घरात पट्टी हातात घेतली की ते सगळं विसरत होते.

आईंनी खोळ मांडीवर घेतली. चष्मा वर करून शिवण बोटानं चाचपली, कडेनं फिरवत नेली. उसवून थोडी मोकळी करता येईल का ते पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “उसवू काय? आत माया नाही गं.”

त्या कापडाबद्दलच बोलत होत्या. आवाजात दुसरं काहीच नव्हतं, एवढी मी त्यांना ओळखते. पण मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि फ्रीजचं दार उघडायच्या आधी तिथेच उभी राहिले. हिरवी खूण डोळ्यांसमोर होती. त्या घरात कुणाचा खोकला दोन दिवस लांबला तर त्याला जागा होती? आईंना इथे करमायला लागलं, त्यांना शेजारी एखादी मैत्रीण मिळाली, नातीच्या परीक्षेपर्यंत थांबावंसं वाटलं, तर ते कुठल्या शिवणीतून मोकळं करणार होतो आम्ही? माझ्या मुलीनं मागच्या एप्रिलमध्ये विचारलं होतं, “आजी अजून आठ दिवस राहिली तर?” आणि मी म्हटलं होतं, “मग पुण्याचा हिशेब चुकतो.” चौदा वर्षांच्या मुलीनं ते ऐकून घेतलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा आईंनी गाठोड्याचं धोतर काढलं होतं. सासऱ्यांचं. गेल्यावर त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, हे एकच ठेवलं होतं. इतक्या वर्षांच्या धुण्यानं ते सायीसारखं मऊ झालेलं.

“हे आता आटायचं नाही,” त्या म्हणाल्या. “जेवढं आटायचं तेवढं आटून झालंय.”

“आई, ते नको. मी उद्या नवीन कापड आणते.”

“नवीन आणशील, ते परत आटेल. जुन्याला जुनंच धरतं.”

त्यांनी कडेला दातानं चिरा दिला, दोन्ही हातांनी धरून टर्रकन फाडलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा धोतराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा निघाला होता, आणि त्याची कड मी पट्टीनं मारलेल्या रेघेपेक्षा सरळ होती. सूत धरून फाडलं की कापड आपली सरळ वाट स्वतःच दाखवतं. खडूची रेघ सुताला तिरकी गेली तर पहिल्या धुण्यातच शिवण पिळवटते. हेही मला त्या रात्री कळलं. असे दोन पट्टे त्यांनी काढले. एक पायथ्याला, एक कुशीला.

मशीनवर मीच बसले. त्या कापड पुढे सरकवत होत्या आणि प्रत्येक कडेला आधी आपली दोन बोटं टेकवून दाखवत होत्या: इथून. दोन बोटं म्हणजे किती, मी मोजलं नाही. पायाची लय जमली तशा त्या बोलायला लागल्या. निफाडचा गारठा नाशिकहून कडक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आपण हिवाळ्यात पेपरात वाचतो. बागाईतदार ती पोटात गोळा घेऊन वाचतो. उतरायला आलेल्या द्राक्षमण्यांना अशा थंडीत तडे जातात. मग मध्यरात्री उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, पहाटे पाणी सोडायचं. “हे रात्री दोनला उठायचे,” आई म्हणाल्या. “धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. परत आले की पाय असे गार, बर्फासारखे. मी रजई गरम करून ठेवायची, आधीपासून त्यांच्या बाजूला झोपून. ते आले की सरकायचं.”

सरकायचं, असं म्हणताना त्या खुर्चीवरच जराशा बाजूला झाल्या.

खोळ रात्री साडेअकराला झाली. पांढऱ्या कोऱ्या कापडाला पायथ्याशी आणि एका कुशीला पिवळसर जुना काठ. उरलेला धोतराचा तुकडा आईंनी घडी करून मशीनच्या खणात ठेवला, पुढे ठिगळाला लागेल म्हणून. जानेवारीत थंडी वाढली तेव्हा मुलगी आपलं अंथरूण सोडून आजीच्या रजईत शिरली ती महिनाभर तिथेच. सकाळी उठवायला गेले की दोघींची डोकी दिसत, आणि कुशीकडचा तो मऊ पट्टा मुलीनं गालाखाली ओढून घेतलेला.

मग होळी झाली, पाडवा झाला, ऊन चढलं. फ्रीजवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि दुसरी खूण समोर आली. मी ती खोडली नाही. नवऱ्याशी बोलायचं ठरवून दोनदा राहून गेलं. वीस वर्षांची सवय एका खोळीनं सुटत नाही. आईंनी तर काही विचारलंच नाही. त्यांना तारीख पाठ होती.

२९ तारखेला संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा त्यांची कापडी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. औषधांचा डबा वर, चष्म्याचं घर बाजूच्या कप्प्यात. पलंगावर रजई घडी करून ठेवली होती आणि त्या तिच्याशेजारी बसल्या होत्या.

“एखादी जुनी चादर दे गं,” म्हणाल्या. “रजई बांधायला काही उरलं नाही.”

मी कपाट उघडलं. चादरी होत्या, सात-आठ तरी, इस्त्री करून, मापानं रचलेल्या. मी कपाट बंद केलं. जाऊबाईंना फोन लावला.

“आई उद्या येत नाहीत.”

“का, बरं नाही का त्यांना?”

“बरं आहे.”

“मग कधी येणार?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “त्यांना यावंसं वाटलं की. आणि तिकडे राहावंसं वाटलं तर तुम्हीही तारीख धरू नका.”

पलीकडे ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वाटलं, तुम्हालाच तारखा हव्या असतात, वहिनी.”

रात्री सगळे झोपल्यावर मी रजईची खोळ काढली आणि बादलीत भिजत घातली.

सकाळी आई न्हाणीत गेल्या त्या तशाच बाहेर आल्या. “अगं, ही कशाला भिजवलीस? अकराची गाडी ना माझी?”

“मळली होती. आता वाळल्याशिवाय कसं जायचं?”

त्यांनी खिडकीतून गॅलरीकडे पाहिलं. नाशिकचं एप्रिल अखेरचं ऊन. आठ वाजताच गजांना हात लावू देत नव्हतं. सुती खोळ दोरीवर टाकली तर तासाभरात कडकडीत वाळली असती, हे त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग काही न बोलता दाराशी गेल्या, पिशवी उचलली आणि आत खोलीत नेऊन ठेवली.

परत आल्या तेव्हा पदर कमरेला खोचला होता. बादलीतून खोळीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी धरलं, आणि आम्ही पिळायला लागलो.